शंकर अस्वल आणि आत्याचा गळा

आजारी नसलेला पाहुणा मी लहानपणी आमच्या घरात फारसा पाहिलाच नाही. धंतोलीच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढं ओटा, मागं चार बिऱ्हाडांत मिळून एक नळ. दवाखाने सगळे हाकेच्या अंतरावर. त्यामुळं आईच्या माहेरचं, बाबांच्या गावचं, त्या गावाच्या शेजारच्या गावचं, कुणाचंही पोट दुखलं, डोळ्यात फूल पडलं, मूल होईना, की ते माणूस एसटीतून उतरून सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुने एक्सरे आणि आमच्यासाठी तांदूळ नाहीतर गूळ. आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि "कसे आहात" असं न विचारता "काय होऊन राहिलं?" असं विचारायची. मी पुढं आयुष्यभर नर्सची नोकरी केली. लोक विचारतात, बाई, या लाइनीत कशा आल्या. मी आले कुठं, मी तिथंच होते.

आईचा स्वयंपाकही रोग्याप्रमाणं ठरायचा. पोटाच्या पेशंटला तांदळाची पेज, बाळंतिणीला खसखस घातलेला शिरा, बाकी सगळ्यांना मुगाची खिचडी. आणि ज्या पाहुण्याचं ऑपरेशन नीट पार पडून टाके निघाले, त्याच्या निरोपाच्या दिवशी वडाभात. भरडल्या डाळीचे वडे भातावर कुस्करून वर कडकडीत फोडणीचं तेल ओतलं की त्याचा चर्र आवाज ओट्यापर्यंत जायचा आणि शेजारची मुलं विचारायची, आज कोण बरं झालं गा तुमच्याकडे? रात्री पुढच्या खोलीत पेशंट आणि त्याच्यासोबत आलेलं माणूस, मागच्या खोलीत आम्ही. खोकला कुणाचा, कण्हणं कुणाचं, मला अंधारात ओळखता यायचं. पहाटे सगळे जरा शांत झाले की लांबून बागेतला सिंह ओरडायचा. नवा पाहुणा दचकून उठायचा, आणि आई आतूनच म्हणायची, "झोपा, झोपा. पिंजऱ्यात आहे तो."

बाग म्हणजे प्राणिसंग्रहालय. एवढा लांबलचक शब्द आमच्यात कुणी वापरत नसे. आमच्या घरून चालत गेलं तर गप्पा मारत मारत पोचायचं इतक्यावर. दवाखान्यात एक तपासणी झाली की दुसरीपर्यंत मधे रिकामे दिवस असायचे, आणि खेड्यातल्या माणसाला नुसतं बसून राहणं म्हणजे आजारापेक्षा मोठी शिक्षा. तेव्हा आई मला सांगायची, "बेबे, यायले बागेत फिरवून आण." मी घरात थोरली, शाळा सकाळची, त्यामुळं दुपारनंतर मी पेशंट घेऊन बागेत. सिंह बघायचा, हरणं बघायची, मगर जिवंत आहे की सिमेंटची यावर वाद घालायचा आणि शेवटी शंकरच्या पिंजऱ्यासमोर जाऊन बसायचं.

शंकर म्हणजे अस्वल. काळंभोर, अंगभर झिपऱ्या, छातीवर पांढरा पट्टा, खालचा ओठ लोंबता. दिसायला म्हणाल तर अगदी अजागळ. पण वाघ-सिंह आमच्याकडे ढुंकून बघत नसत आणि शंकर बघायचा. शेंगांच्या पुडीचा कागद वाजला की कुठल्याही कोपऱ्यातून झुलत झुलत यायचा, गजांना धरून मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि आधी जमिनीवर फूं करून धूळ उडवून मग शेंग ओढून घ्यायचा. त्या फूं ला सगळी पोरं टाळ्या पिटायची. हल्ली प्राण्यांना काही खायला देत नाहीत आणि तेच बरोबर आहे. तेव्हा कुणाला एवढी अक्कल नव्हती. मला तर तो आमच्या घरातलाच वाटायचा. परीक्षेत नापास होईन असं वाटलं की मी त्याला सांगून यायची. ऐकताना तो तोंडातल्या तोंडात एक घुमल्यासारखा आवाज काढायचा. मधमाश्यांचं पोळं कानाशी धरावं तसा. त्या आवाजानं मला जेवढं बरं वाटलंय तेवढं पुढं फार थोड्या माणसांच्या बोलण्यानं वाटलं.

आता खरी गोष्ट सांगते. आईच्या धाकट्या भावाचं, आमच्या मामाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी भीतीनं तो गावी परत जायच्या गोष्टी करायला लागला. मी त्याला बागेत नेलं. शंकर उभा राहिला आणि मामाकडे पाहत बराच वेळ उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन छान झालं. मामानं गावात जाऊन सांगितलं, अस्वल उभं दिसलं तेव्हाच मी समजलो. झालं. पुढं मुतखड्याचे एक काका आले, त्यांनाही तो उभा दिसला, तेही बरे झाले. मग ही बातमी गावोगाव पसरली. पाहुणे तांदळाची पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायला लागले, अस्वल कधी दाखवता? ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी शंकर उभा दिसला पाहिजे, म्हणजे माणूस टेबलावरून उठून घरी येतो, असा आमच्या घराचा रिवाजच पडून गेला. शेंगा दाखवल्या की तो उभा राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी.

याचा सगळ्यात जास्त त्रास बाबांना. बाबा सरकारी छापखान्यात जुळारी, शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवायचं काम. धम्मदीक्षा झाली तेव्हा ऐन तारुण्यात होते. घरातले टाक, तांदूळ वाहिलेले दगड, मरीआईचा लिंबू, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं एका टोपलीत भरून नदीत सोडून दिलं होतं आणि त्यानंतर मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचे. भिंतीवर दोन तसबिरी, खाली मेणबत्ती, बस. आणि अशा माणसाच्या घरी येणारं प्रत्येक पाहुणं अस्वलाचा कौल घेऊन राहिलेलं. "सगळे देव सोडून आलो आपण," ते आईवर चिडायचे, "अन् हा एक पिंजऱ्यातून परत घरात आला. नाव बी पाहा, नेमकं शंकर." आई पोळी उलटत म्हणायची, "ते नाव मी ठेवलं का?" मग बाबा ओट्यावर जाऊन उगाच सायकल पुसत बसायचे.

एका वर्षी धानाच्या कापणीच्या तोंडावर जनाआत्या आली. बाबांची मोठी बहीण. बाबांची आई लवकर गेली, आत्यानंच त्यांना वाढवलेलं. रामटेकच्या पलीकडं तिचं घर, थोडी धानाची शेती. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, तिला सोडून त्याच गाडीनं परत गेले, कापणी कुणाच्या भरवशावर टाकणार. आत्याच्या गळ्याला गाठ होती. मी लहान होते तेव्हा ती सुपारीएवढी होती, आम्ही पोरं तिला हात लावून बघायचो. आता ती लिंबापेक्षा मोठी झाली होती आणि झोपली की आत्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. पहिल्या रात्री आई दोनदा उठून तिच्या उशाशी बसलेली मी पाहिली. बाबा झोपलेच नाहीत.

पण आत्याचा आवाज. तो कसा सांगू? उभ्या धानावर पाखरं उतरली की ती बांधावरून एक हाळी द्यायची, आणि शेजारच्या तीन शेतांतली पाखरंही उठायची. पौर्णिमेला गावच्या विहारात वंदनेची सुरुवात तिचीच. ती "नमो तस्स" म्हणाली की बाकीच्यांनी तिच्या मागं लागायचं. लग्नाघरी हळदीची गाणी असोत की कुणाचं मयत असो, आत्या आली की माणसं जरा सरकून तिला मधे जागा द्यायची. शिकली नाही, सोनं नाणं नाही, पोटी एक पोर झालं तेही राहिलं नाही. आवाज तेवढा होता, आणि त्याच्यावर ती गावात ताठ मानेनं जगत होती.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बाबांना आणि आत्याला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. गाठ श्वासनळीवर दाब देते आहे. काढली नाही तर एक दिवस श्वास कोंडेल. काढताना आवाजाची जी नस असते तिला क्वचित धक्का लागतो, बहुतेक वेळा लागत नाही. आत्यानं त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा म्हणाले, "अवं बाई, त्यानं क्वचित म्हटलं."

"कोणाचा तं जातच असन ना," आत्या म्हणाली. "माहाच गेला तं? मुकी होऊन कशाले जाऊ गावाले?"

"अन् श्वास कोंडला तं?"

"तं कोंडू दे. बोलत बोलत तं जाईन."

बाबा उठून बाहेर गेले. तेव्हा आई तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही एक डाव बेबीसंग बागेत जाऊन या." मामानं सांगितलेलं आत्याच्या कानावर आधीच गेलेलं होतं. ती तेवढ्यासाठीच थांबल्यासारखी उठली, पातळ झटकलं आणि म्हणाली, "उभा दिसला तं करतो ऑपरेशन. नाई दिसला तं मले गाडीत बसवून द्या."

झालं, आता बाबांची बहीण टेबलावर जाणार की नाही ते एका अस्वलावर आलं. आम्ही गेलो. शंकर आतल्या कोपऱ्यात गजांना पाठ करून बसलेला. मी पुडी वाजवली, शेंगा टाकल्या, त्याच्याशी बोलले. तो वळला नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. मी गुळाचा खडा नेला, तोही गजांपाशी मुंग्यांनी खाल्ला. आम्ही रोज जायला लागलो. आत्या पिंजऱ्यासमोरच्या सिमेंटच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसायची आणि बाग बंद व्हायची शिट्टी झाली की उठायची. परतताना तिला चढावर धाप लागायची, मग आम्ही रसाच्या दुकानापाशी थांबायचो. घरी बाबा दारातच उभे. विचारायचं तर नाही, आणि विचारल्याशिवाय तर राहवत नाही. माझ्या तोंडाकडे बघायचे, मी मान हलवायची, आणि मग ते आत्यावर ओरडायचे, "विहारात समद्यायच्या पुढं बसून वंदना म्हणतं, अन् इथं अस्वलाले हात जोडतं?"

"हात कुठं जोडले गा?" आत्या म्हणायची. "पाहाले तं जातो नुसती."

दवाखान्यातून निरोप आला, उद्या सकाळी दाखल व्हा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले मीही येतो. आम्ही तिघं गेलो. पिंजऱ्याभोवती ही गर्दी. मला वाटलं उभा राहिला वाटतं, आणि मी आत्याचा हात धरून पळालेच. पण शंकरला मागच्या छोट्या पिंजऱ्यात लोटलं होतं. त्याचा जबडा एका बाजूनं नारळासारखा सुजलेला, तोंडातून लाळ. जनावरांचे डॉक्टर आणि दोन-तीन माणसं लांब काठीला सुई बांधून उभी होती. रखवालदार लोकांना मागं सारत होता, "दाँत में पीप हो गया है उसको. हटो, हवा आने दो." दातात पू झालेला. माझ्या लक्षात आलं, इतके दिवस तो आमच्यावर रुसून बसला नव्हता, दुखण्यानं बसला होता. सुई लागली तसा शंकर ओरडला. ते ओरडणं मी नंतर माणसांच्या वॉर्डातही ऐकलं आहे, म्हणून सांगते, त्यात फारसा फरक नसतो. आणि गर्दीतली टवाळ पोरं टाळ्या पिटत होती, "शंकर, खडा हो. शंकर, नाच के दिखा."

आत्या माझा हात सोडून पुढं गेली. "कायच्या टाळ्या वाजवता रे?" ती म्हणाली. बांधावरची हाळी होती ती. गर्दी गप्प झाली, पलीकडच्या पिंजऱ्यातली माकडं गप्प झाली. "तुमच्या घरी कोणाचा दात दुखत नाई का? आजारी हाय तो. मुकं जनावर, त्याले सांगता येते का कुठं दुखून राहिलं ते?" पोरं खाली माना घालून पांगली. डॉक्टरनं एकदा वळून तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या कामाला लागला.

येताना रसाच्या दुकानापाशी थांबलो, तेव्हा आत्या आपणच म्हणाली, "कवडू, सकाळी किती वाजता जाचं हाय?"

बाबांना आधी कळलंच नाही. "कुठं?"

"दवाखान्यात, अजून कुठं?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "ज्याले मी इतके दिवस विचारून राहिली होती, तोच पेशंट निघाला गा. अन् त्याले तं कोणी विचारलं बी नाई. धरलं अन् सुई टोचली. मले डाक्टरनं समोर बसवून समजावून सांगतलं. तू हायेस, तुही सुमन हाय, ही पोरगी हाय. मी काहून भ्याव त्याच्यापेक्षा जास्त?" बाबांनी रसाचा ग्लास तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही. मला वाटतं तिच्या धीराच्या दहा वाट्यांतले नऊ तिचे स्वतःचेच होते. एक मात्र शंकरनं दिला, आणि तोही पडल्या पडल्या दिला.

सकाळी तिला आत नेलं. आई आणि मी बाहेरच्या बाकावर. बाबा जरा वेळ येरझारा घालत होते, मग दिसेनात. आई म्हणाली, असतील कुठं चहा पीत. आत्याला बाहेर आणायच्या थोडं आधी ते आले, घामाघूम, सायकल जोरात मारल्यासारखे. "चहा प्याले गेलो होतो," न विचारता म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून शेंगांची टरफलं बाकावर सांडली. आईनं ती पाहिली आणि पायानं हळूच बाकाखाली सारली. बागेत त्यांनी काय पाहिलं हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही आणि आम्हीही त्यांना कधी विचारलं नाही. नोकरीत असताना ऑपरेशनच्या आधी कुणी मुठीत अंगारा धरलेला असे, कुणी ताईत, कुणी पोराची चड्डी. तरुण डॉक्टर हसायचे. मी ते सोडवून घेताना कधी हसले नाही, कारण माझ्यासमोर ती टरफलं यायची.

गाठ निघाली. श्वासाची शिट्टी गेली. पहिल्यांदा ती शांत झोपली त्या रात्री आईनं तिच्या नाकाशी हात धरून बघितला, इतका आवाज नव्हता. पण बोलण्याचाही नव्हता. पहिले काही दिवस डॉक्टरांनीच बोलू नका म्हटलं होतं. मग ते म्हणाले आता हळूहळू बोला. आत्यानं मान हलवली. घरी आणली तरी गप्पच. पाणी हवं असलं की ताटलीवर चमचा वाजवायची. डॉक्टरांनी पुन्हा आत आरसा घालून बघितलं, नस चांगली आहे म्हणाले, यांनी बोलायला पाहिजे, न बोलून उलट वाईट. बाबांनी विनवलं, रागावले. ती नुसती बघत राहायची. मला तेव्हा समजलं नव्हतं, आता समजतं. तोंड उघडलं नाही तोवर आवाज आहेही आणि नाहीही. उघडलं आणि नुसती हवा आली, तर मग गेलाच तो. ते ऐकायची तिची छाती होत नव्हती. आईनं तर एकदा मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. आत्यासारखी बाई अळणी भाजीला नाव ठेवणार नाही असं होणंच शक्य नाही. आत्यानं पहिला घास घेतला, आईकडे पाहिलं, सगळी भाजी निमूट खाल्ली आणि ताट घासायला घेऊन गेली. आई त्या दिवशी चुलीपुढं रडली.

टाके निघाले. डाळ भिजत घातलेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. दुपारी आत्यानं मला खुणेनं बोलावलं, पदराची गाठ सोडून माझ्या हातावर नाणी ठेवली आणि केळी घ्यायची खूण केली. कुठं जायचं ते मला विचारावं लागलं नाही. रस्त्यात तिनं एकदा स्वतःकडे बोट दाखवलं, मग दवाखान्याकडे, मग पाचही बोटं हलवून तिला किती माणसं भेटायला आली ते दाखवलं. मग बागेच्या दिशेनं बोट करून हात पालथा केला. त्याला कोण येणार, असं.

शंकर परत आपल्या मोठ्या पिंजऱ्यात होता. सूज उतरली होती, पण अंग पार वाळलेलं, झिपऱ्या नुसत्या टांगल्यासारख्या. सावलीत कुशीवर पडला होता. रखवालदार म्हणाला आता जरा खायला लागलाय, केळी द्या, मी देतो. मी पिशवी उघडली. कागद वाजला. आणि शंकरनं कान हलवले. डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, पुढचे पाय टेकले, गजांपर्यंत स्वतःला ओढत आणलं. मग एका हातानं गज धरला, दुसऱ्या हातानं धरला आणि उभा राहायला लागला. मागचे पाय थरथरत होते. एकदा घसरला, गुडघा फरशीवर आपटला, पुन्हा गज धरले. इतके दिवस आम्ही जे बघायला येत होतो ते आमच्यासमोर अर्धंमुर्धं होत होतं, आणि मला ते बघवेना.

"उठू नको गा."

मी आधी मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. खरखरीत, जाडा, मधेच चिरलेला आवाज होता. ओळखीचा नव्हता. आत्यानं गज धरले होते. "उठू नको. पडून राय बापा. आम्ही काय तुह्या उठण्यासाठी आलो का? भेटाले आलो." शंकरनं हात सोडले आणि धप्पकन खाली बसला. तोंडातल्या तोंडात घुमायला लागला. आत्याचा हात हळूहळू गळ्यावर गेला. पट्टीवरून तिनं बोटं फिरवली.

"बेबे," ती म्हणाली, "मी बोलली का वं?"

मी म्हटलं, "हो आत्या."

मग ती बोलतच राहिली. केळी सोलून रखवालदाराच्या हातात देताना त्याला सांगितलं, हे काय पाणी ठेवलं, हौद घासत जा जरा. बाकावरच्या बाईला तिच्या पोराचं नाक पुसायला सांगितलं. रस्त्यानं माझ्या वेणीबद्दल, फुफाजींनी धान कसं भिजवलं असेल त्याबद्दल, आईच्या त्या अळणी भाजीबद्दल. घसा दुखेल म्हटलं तर म्हणाली, दुखू दे. तो आवाज पूर्वीसारखा काही झाला नाही. पाखरं मग दुसऱ्यांनी हाकली. विहारात वंदनेची सुरुवात तिची जाऊ करायला लागली आणि आत्या तिच्या शेजारी बसून खालच्या पट्टीत म्हणायची. पण म्हातारी होऊन, नातवंडांसारख्या आम्हा भाचरांची लग्नं लावून, सगळ्यांना बोल लावत गेली. शंकर त्या हिवाळ्यात सावरला, पुढं काही वर्षं होता. आता तो पिंजराही नाही. मी अजून कधी तिकडून गेले तर त्या जागी जरा थांबते. आमच्या घरातून जी माणसं बरी होऊन गेली ती डॉक्टरांनी बरी केली, मला ते पक्कं ठाऊक आहे. तरी त्या मुक्या जिवाचे आभार मानल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

आत्या बोलली त्या संध्याकाळी आम्ही गल्लीत वळलो तेव्हा बाबा कामावरून नुकतेच आले होते, ओट्यावर बसून बूट सोडत होते. गल्लीच्या तोंडापासून आत्याचं चालूच होतं. बाबांनी आवाज ऐकला, पण कुणाचा ते त्यांना कळलं नसावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. आत्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"कवडू, कोणाची वाट पाहून राहिला गा?" ती म्हणाली. "घे, पिशवी धर हातातली."

बाबांनी वर पाहिलं. एक बूट पायात, एक हातात. तसेच उठले, तिच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि आत गेले. मागच्या नळावर ते बराच वेळ तोंड धूत राहिले.